शामलेची अक्कल आणि सरकारी दाखला

माझ्या मुलीला अक्कल आहे याचा लेखी पुरावा मिळवण्यासाठी मी नागपुरात जी पायपीट केली, तिची हकिकत लोक निरनिराळ्या प्रकारे सांगतात. आम्ही राहतो त्या महाल वस्तीत एक प्रकार चालतो, आमच्या कचेरीत दुसरा. दोन्हींत मला वेडा ठरवलेलं आहे. म्हणून खरं काय घडलं ते मीच सांगतो. मी वेडा ठरलो नव्हतो. उलट, मी वेडा नाही असा सरकारी डॉक्टरसाहेबांच्या सहीचा कागद माझ्याजवळ आहे. असा कागद महालात दुसऱ्या कोणाजवळ असेल तर त्याने आणून दाखवावा.

सुरुवात शाळेतून झाली. माझी शामला तेव्हा नऊ वर्षांची, तिसरीत. दिवाळीनंतर सहामाहीचा निकाल लागला आणि हेडमिस्ट्रेस सत्यवतीबाईंनी मला बोलावणं पाठवलं. बाई मूळच्या पुण्याच्या. इतकी वर्षं नागपुरात काढूनही त्यांच्या तोंडून एकदासुद्धा 'मले' निघालं नव्हतं, एवढा करारी स्वभाव.

"मधुसूदनराव, तुमची मुलगी वर्गात नसते," त्या म्हणाल्या.

"असं कसं बाई? मी स्वतः फाटकापर्यंत सोडून जातो."

"शरीराने येते."

मग त्यांनी पेपर पुढे केले. गणितात एक माणूस आंबे विकत घेतो असं उदाहरण होतं. शामलेने त्याखाली लिहिलं होतं, 'आंबे पाडाचे होते का?' आणि पुढे आंबा काढला होता. आंबा चांगला होता, पण ते मी बोललो नाही. शुद्धलेखनाच्या वहीत तर तिने शेजारच्या चौथीच्या वर्गात चाललेला उतारा लिहून काढला होता, एकही चूक न करता. बाईंचं म्हणणं, एवढ्या वेळात ती चार वेळा जागेवरून उठली, दोनदा छताजवळची पाल पाहायला बाकावर चढली आणि एकदा घंटा का होत नाही म्हणून शिपायाला विचारून आली.

"मंद आहे मुलगी," बाई म्हणाल्या. "नाताळानंतर मी तिला दुसरीत बसवणार."

आमच्या बोंद्रे घराण्यात आळशी निघाले, भांडकुदळ निघाले, एक काका तर पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला म्हणून गेले ते गोसावी होऊन परत आले. पण मंद कोणी निघालं नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं. काकांचं नाही सांगितलं, बाकीचं सांगितलं.

"मुलगी मंद नाही असं कोणी जाणकाराने लिहून दिलं तर विचार करीन," असं म्हणून बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की भेट संपते.

त्यांनी ते मला वाटेला लावायला म्हटलं असेल. पण मी कालव्याच्या खात्यातला कारकून. जगात कोणत्याही गोष्टीसाठी कागद मिळतो, हा माझा विश्वास. पाणी वाहतं याचासुद्धा दाखला आम्ही देतो. मग अक्कल आहे याचा मिळू नये?

घरी माझी मोठी बहीण रुखमाआक्का उमरेडहून आलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरता कातरता निकाल दिला. "पोट्टीच्या जातीले कायले पाहिजे एवढी शाळा? खाली बसवून राहिले तं घरीच बसव. आमच्या उमरेडले एक चांगलं घर आहे, हातमागवाल्याचं. आतापासून बोलून ठेवू."

"आक्का, आता कायदा झाला आहे. एवढ्या लहान मुलीचं लग्न होत नाही."

"लग्न नाही होत गा. बोलाले कायदा आहे का?"

कायद्यातली अशी फट आक्काला सापडते आणि आमच्या खात्यातल्या वकिलांना सापडत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शामला दारात उभी राहून ऐकत होती. तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, मंद म्हणजे काय वं?"

माझी बायको चारुशीला भाकरी थापत होती. ती म्हणाली, "चुलीतला जाळ कमी असला का त्याले मंद म्हणते."

"म्हणजे भात शिजते, पण उशिरा?"

"हाव."

"मग आपण उशिरा जेवू," शामला म्हणाली.

आम्ही हसलो. पण त्या संध्याकाळी ती खेळायला गेली नाही. हात मांडीवर ठेवून ओसरीवर बसून राहिली. झाडावर पोपट आले, रस्त्याने बँड गेला, तरी उठली नाही. शामला स्वस्थ बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. एरवी मीच तिला दिवसातून शंभरदा 'बस गं एका जागी' म्हणायचो. आता ती बसली, तर मीच तिला 'ऊठ गं, पोपट आले' म्हणायला लागलो. मी ठरवलं, काही झालं तरी कागद आणायचाच.

आता नागपूरच्या शेजाऱ्यांबद्दल दोन शब्द. त्यांना बातमी सांगावी लागत नाही, आणि सल्ला मागावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोपंत हजर झाले. ते रिटायर्ड नायब तहसीलदार. खुर्ची गेली होती, पण हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. त्यांनी ब्राह्मीचं तेल सांगितलं. समोरच्या शोभाताईंनी मालकांगोणीचं तेल बताशावर घालून द्यायला सांगितलं. "माह्या भावाले दिलं होतं वं," त्या चारुशीलेला म्हणाल्या. "पहिले त्याले काहीच आठवत नव्हतं. आता सगळ्यांची उसनवारी आठवते."

लकडगंजात भैयाजींची सागवानाची वखार आहे. त्यांचं निदान सगळ्यांत सोपं होतं. "पोट्टी उठते काहून? बसाची जागा खाली आहे म्हणून. उंचावर बसव, कशी उतरते पाहू." त्यांनी माझ्या छातीएवढं उंच, पायऱ्या नसलेलं अस्सल सागवानी स्टूल पाठवून दिलं. शामलेने ते सकाळी उलटं करून त्याची बोट केली, दुपारी आडवं करून गाडी केली आणि संध्याकाळी त्यावर उभी राहून, आमच्या घराच्या आढ्यावर चिमणीने कुठे कुठे घरटी केली आहेत ते सगळ्यांना सांगितलं. भैयाजींच्या हिशोबाप्रमाणे ती खाली उतरली नाही, हे मात्र खरं. तिच्यामागोमाग स्टुलावर चढलेला मी उतरू शकत नव्हतो. मला उतरवायला भैयाजींना वखारीतून माणसं बोलवावी लागली.

मालकांगोणीचं तेल शामला घेईना. "तुम्ही पहिले घ्या, बाबा," म्हणाली. बापाने कच खाऊ नये म्हणून मी घेतलं. चव वाईट होती म्हणून दोन बताशे घेतले. त्या औषधाने बुद्धी वाढते की नाही मला सांगता येणार नाही, पण अंग असं तापतं की थंडीच्या दिवसांत मी कचेरीत कोट काढून बसलो आणि त्या तारेत बैतूलचा कागद बालाघाटला आणि बालाघाटचा बैतूलला पाठवून दिला. दोन्हीकडून कागद मिळाल्याचं उत्तर आलं. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. शामलेचं तेल तेवढ्यावरच थांबलं.

मग मी सरकारी डॉक्टरांच्या कचेरीत गेलो. शामलेला बरोबर घेतलं. तिथले कारकून रामाजी माझ्या ओळखीचे.

"अक्कल असल्याचा दाखला?" रामाजींनी टाक कानावर ठेवला. "असा नमुनाच नाही गा. अक्कल नसल्याचा आहे."

"असल्याचा काहून नाही?"

"ज्याले असते तो मागाले येत नाही."

हे मला लागलं. पण रामाजी माणूस चांगला. त्यांनीच वाट दाखवली. अक्कलेबद्दल शंका आहे, सबब तपासणी व्हावी, असा अर्ज करायचा. साहेब तपासतील आणि 'शंका निराधार' असा शेरा मारतील. झाला दाखला! कारकून कारकुनाला ओळखतो. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी तिथल्या तिथे सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. अर्जदाराच्या जागी पूर्ण नाव लिहिलं, मधुसूदन कवडूजी बोंद्रे. कारण अर्जदार मी होतो. आता इथे माझी काय चूक झाली ते अजूनही कोणी मला नीट पटवून दिलेलं नाही.

शिपायाने पुकारा केला, "मधुसूदन कवडूजी, हाजिर!" आम्ही बापलेक आत गेलो. गोरा साहेब होता. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि फार मायेने विचारलं, "आज कौन सा दिन है?"

"साहेब, मला नाही. हिला विचारा," मी म्हणालो.

साहेबाने काहीतरी लिहून घेतलं. "दिन, बाबू. दिन."

"बुधवार," मागून शामला म्हणाली.

"लडकी को मालूम है," साहेब म्हणाला. "तुमको नहीं मालूम?"

मी समजावून सांगायला लागलो. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, शेवटी 'आय बेग टू सबमिट, सर' म्हणून कचेरीच्या इंग्रजीत सांगितलं. मी जितकं जास्त समजावत होतो तितकी साहेबाची मान जास्त समजूतदारपणे हलत होती. एकाच गोष्टीसाठी तीन भाषा लागतात तेव्हा ऐकणाऱ्याला संशय येतोच. तेवढ्यात शामलेला टेबलावर रबराचं टोक असलेली एक लहानशी हातोडी दिसली. ती कशासाठी असते हे तिला पाहायचं होतं. तिने ती माझ्या गुडघ्याखाली मारली. माझा पाय, माझी परवानगी न घेता, उडाला आणि साहेबाची दौत खाली आली.

"बाबा, पुन्हा करा!" शामला म्हणाली. पुष्कळ दिवसांनी तिचे डोळे असे चमकले होते. म्हणून मी तिला रागावलो नाही. साहेबाने हेही लिहून घेतलं.

शेरा मिळाला. 'अर्जदार वेडा नाही. लवकर उत्तेजित होतो. थंड पाण्याने स्नान करावे.' मी घरी पोचेपर्यंत महालात सगळ्यांना ते कळलं होतं. शोभाताईंनी आमच्याकडे बर्फासारख्या गार पाण्याची घागर पाठवली. कचेरीत हेडक्लार्क माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. माझ्या टेबलावरचा पेन्सिल तासायचा चाकू कोणीतरी उचलून नेला. इभ्रत म्हणतात ती अशी चाकूच्या रूपाने जाते.

मी हात टेकले होते. नाताळ तोंडावर आला होता आणि आक्काने उमरेडला निरोपही धाडला होता. पण त्याच आठवड्यात दत्तोपंत काठी आपटत आले.

"मधुसूदना, जबलपूरहून एक प्रोफेसर येऊन राहिले. वझलवार नावाचे. शिक्षकांच्या संमेलनाले. पेटी घेऊन येते म्हणे, त्यातून पोरांची बुद्धी मोजते."

"मोजते? कशाने?"

"ते मले काय माहीत? शेरा-पायलीने तं मोजत नसतील."

मी संमेलनाच्या मांडवाबाहेर प्रोफेसरांना गाठलं. वझलवार बारीक अंगाचे, मोठ्या कपाळाचे गृहस्थ. मी म्हणालो, "साहेब, माझ्या मुलीची बुद्धी मोजा." ते म्हणाले, "नेहमी मला शहाणी मुलंच आणून देतात. हिच्यात काय आहे?" मी म्हणालो, "ती बसत नाही." त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत शामलेचं नाव काढल्यावर चेहरा उजळलेला हा पहिला माणूस.

शाळेच्या मोठ्या खोलीत चाचणी ठरली. सत्यवतीबाई खुर्चीवर, मी दाराशी. दत्तोपंतांना कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसले होते. शामला नवा परकर नेसून आली.

प्रोफेसरांनी आकडे सांगितले. ते तिने पाठोपाठ म्हणायचे होते. "तीन, आठ, पाच, नऊ, दोन."

"तीन, आठ..." शामला थांबली. "तुमच्या पेटीचं झाकण लागत नाही ना? बिजागरी उलटी बसवली आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. आकड्यांत ती तिन्ही वेळा नापास झाली. ठोकळे तिने भराभर लावले, पण सांगितला त्यापेक्षा वेगळाच आकार केला. पुढे प्रोफेसरांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी असलेले दोन प्रश्न सहज म्हणून विचारले, ते मात्र तिने खिडकीतून बाहेर पाहता पाहता सोडवले. प्रोफेसरांची भुवई वर गेली. माझी छातीही जराशी वर गेली.

मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. "हे मैदान. गवत कमरेएवढं. तुझा चेंडू आत हरवला. शोधायला कशी फिरशील? पेन्सिलीने वाट काढून दाखव."

शामलेने कागदाकडे पाहिलं. पेन्सिल उचलली. पेन्सिल खाली ठेवली. उठली आणि दाराबाहेर निघून गेली.

आम्ही वाट पाहिली. प्रोफेसरांनी घड्याळ पाहिलं. शिपायाने चहा आणला, तो सगळ्यांनी प्यायला. प्रोफेसरांनी सांगितलं की बरोबर उत्तर म्हणजे बाहेरून आत गोल गोल फिरत जाणारी रेघ. दत्तोपंतांनी ती काढून दाखवली. ते पास झाले.

"आता तुम्हीच पाहिलंत," बाई प्रोफेसरांना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी सांगितलं पाहिजे. बाई कडक होत्या, दुष्ट नव्हत्या. "प्रश्न सोडून उठून गेली. मी काय करू हिचं?"

मी टोपी घातली. "बाई," मी म्हणालो, "तुम्ही तिला दुसरीत बसवा, पहिलीत बसवा. पण तिच्यासमोर तिला मंद म्हणू नका. तो शब्द आठवला की माझी मुलगी घरी गप्प बसून राहते, आणि ते मला पाहवत नाही." हे मी एका दमात आणि एकाच भाषेत बोललो.

तेवढ्यात दारात शामला. नव्या परकरात घोट्यापासून कमरेपर्यंत कुसळं घुसलेली, केसांत काड्या, नाकावर ओरखडा. परकराचा ओचा दोन्ही हातांनी धरलेला. तिने तो प्रोफेसरांच्या टेबलावर सोडला. त्यातून चेंडू घरंगळले. शाळेमागे मोठं पडीक मैदान आहे आणि पलीकडे मुलांची शाळा. त्या मुलांनी पावसाळ्यापासून हरवलेले क्रिकेटचे चेंडू होते ते. त्यांच्याबरोबर एक वहाणही होती. ती सत्यवतीबाईंची निघाली. ती तिथे कशी गेली याचा बाईंनी खुलासा केला नाही.

"गोल गोल फिरून नाही सापडत," शामला धापा टाकत म्हणाली. "मी पहिले तशीच फिरली. चक्कर आली. मग उभी फिरली, मग आडवी फिरली. एकच सापडला. मग मी तोच पुन्हा फेकला आणि कुठं जाते ते पाहिलं. पुन्हा फेकला, पुन्हा पाहिलं. सगळ्या वेळी तिकडल्या बांधाकडेच घरंगळते. मैदान तिकडं उतरतं आहे, दिसत नाही पण उतरतं आहे. मग मी बांधाच्या कडेकडेनं गेली, तं सगळे तिथंच!" मग तिने कागदावरचा गोल पाहिला. "यात उतार कोणीकडं आहे ते तुम्ही काढलंच नाही. मग मी कशी सांगू?"

प्रोफेसर वझलवार एकदम उभे राहिले. मला वाटलं रागावले. त्यांनी त्यातला एक चेंडू हातात घेतला, फिरवून पाहिला आणि असे खदखदून हसले की चष्मा सुटला.

"बाई," ते म्हणाले, "हिला लक्ष नाही असं तुम्ही म्हणाला होतात? आपला चहा येऊन संपला तरी ही एका प्रश्नाला चिकटून होती. लक्ष आहे. ते तुमच्या सांगण्यावरून बसत नाही, एवढंच. आणि बुद्धीची गोष्ट निराळी. ती हिच्याजवळ आहे, चांगली सणसणीत आहे. लक्ष नाचरं म्हणून बुद्धी मंद, असा हिशोब करू नका."

"साहेब, आकडा?" मी विचारलं. काय करणार, कारकून!

त्यांनी बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. "लागत नाही. या उत्तराला द्यायचे गुण माझ्याजवळ नाहीत." आणि त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एक बाण काढून खाली 'उतार' असं लिहून घेतलं.

सत्यवतीबाईंनी वहाण उचलून खुर्चीखाली सरकवली. मग त्या उठल्या, शामलेजवळ गेल्या आणि तिच्या परकरातलं एकेक कुसळ काढायला लागल्या. "बसून होत नाही ना तुझ्याने?" त्या म्हणाल्या.

शामलेने मान हलवली.

"मग उभं राहून कर. खिडकीजवळ. माझं सांगून झाल्यावर बाहेर पाहायचं, आधी नाही. जमेल?"

"थोडं थोडं जमंल," शामला खरं बोलली.

"थोड्यानेच सुरुवात करू," बाई म्हणाल्या.

आक्काचा उमरेडचा निरोप दुसऱ्या निरोपाने परत फिरवला. त्या संध्याकाळी मी सीताबर्डीवरून पेढे आणले आणि सबंध आळीत वाटले. मुलगी वरच्या वर्गात गेली म्हणून पेढे वाटणारे बाप पुष्कळ असतील. मुलगी होती त्याच वर्गात राहिली म्हणून वाटणारा मी पहिलाच असेन. जबलपूरहून माणूस माझ्या मुलीची बुद्धी मोजायला येतो आणि मोजता न येऊन परत जातो, हे मी प्रत्येक दारात सविस्तर सांगितलं. शोभाताईंच्या दारात दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी त्यांच्या घरात दूध उतू गेलं.

भैयाजींनी दोन पेढे एकदम तोंडात टाकले. "पण मधुसूदनराव, पोट्टी तं तिसरीतच होती ना गा? मग नवीन काय झालं?"

"आतापर्यंत तिसरीत बसत होती," मी म्हणालो. "उद्यापासून उभी राहणार."

"अरे बाप्पा! शिक्षा झाली?"

"नाही हो," मी म्हणालो आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "परवानगी मिळाली."